शाकारणीचा हिशेब

ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याने रत्नागिरीत तीस वर्षे काढली. पण आज ज्या वाड्याला त्याचे नाव आहे, त्या वाड्यात तो राहिला जेमतेम सहा वर्षे. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले, राजाराणीला बोटीत बसवून आधी रंगून आणि मग मद्रास दाखवले, आणि एप्रिल १८८६ मध्ये कोकणातल्या या बंदरात आणून ठेवले. जागा विचार करूनच निवडलेली होती. रेल्वे नाही, घाट उतरून यायचे म्हणजे दिवस मोडणार, पावसाळ्यात समुद्रही बंद. कैदी पळणार कुठे, आणि त्याला सोडवायला येणार कोण? चोवीस वर्षे तो बंगल्यात राहिला, जागा अपुरी पडते म्हणून अर्ज करत राहिला, आणि १९१० मध्ये भाट्याच्या खाडीकडे तोंड करून उभा असलेला जांभ्याचा तीन मजली वाडा त्याला मिळाला. डिसेंबर १९१६ मध्ये राजा वारला. १९१९ मध्ये राणी सुपायालत ब्रह्मदेशात परतली आणि वाडा सरकारकडे आला. म्हणजे राजाचे घर म्हणून ही इमारत दहा वर्षेही नांदली नाही. सरकारी इमारत म्हणून मात्र ती शंभर वर्षांहून अधिक काळ उभी आहे. छोट्या शहरातल्या जुन्या वास्तूंवर सरकारने पैसा घालावा की नाही, या वादाला रत्नागिरीचा हा वाडा फार चांगले उदाहरण आहे. कारण तो बांधला सरकारने, वापरला सरकारने, दुर्लक्षिला सरकारने आणि आता जपतेही सरकारच.

हा वाद आपल्याकडे नेहमी ‘द्यावा की देऊ नये’ यावरच अडकतो. एक बाजू वारशाचे नाव घेऊन कोटीकोटींचे प्रस्ताव मांडते, दुसरी बाजू गळक्या शाळांचे फोटो दाखवते. दोघांच्याही मनात खर्चाचे चित्र एकच असते: एक मोठी रक्कम, एकदा मंजूर झालेली, कोनशिलेसह. हे चित्रच चुकीचे आहे असे माझे म्हणणे आहे. जुनी इमारत टिकते ती दरवर्षीच्या लहान खर्चावर आणि रोजच्या वापरावर. एकरकमी जीर्णोद्धार हा त्या खर्चाच्या अभावाचा दंड आहे, आणि दंडाची रक्कम नेहमी मुद्दलापेक्षा मोठीच असते. सार्वजनिक पैसा जरूर द्यावा. पण तो वहिवाटीसारखा, दर साली, पावसाच्या आधी मिळायला हवा.

यासाठी आधी इमारत कशी मरते ते पाहावे लागते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. थिबाचा वाडा जांभ्याचा आहे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेवर कडक होतो. पण तो सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि उन्हाळ्यात ते सोडतो. म्हणून जुने गवंडी त्याला चुन्याचा गिलावा देत. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. उतरत्या छपराचे एक कौल वाऱ्याने सरकले की पहिल्या वर्षी काहीच दिसत नाही. पाणी रीपेवर पडते, रीपेवरून वाशावर. दुसऱ्या पावसाळ्यात वाशाचे टोक काळे पडते आणि भिंतीत घुसलेल्या भागाला वाळवी लागते. सागवान चिवट असते, पण सतत ओले राहिलेले टोक तेही सोडून देते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी वासा खचतो, पाख्याला पोट येते, मग एकदम चाळीस-पन्नास कौले सरकतात आणि पाणी थेट तक्तपोशीवर येते. तोवर खालच्या भिंतीचा गिलावा फुगलेला असतो. आता कोणीतरी त्यावर सिमेंट मारतो. सिमेंटने भिंतीचे तोंड बंद होते, आतले पाणी आतच राहते, आणि पुढच्या काही वर्षांत पापुद्र्यासकट चिराच सुटून येऊ लागतो. सुरुवातीला शिडी लावून अर्ध्या तासात बसवता आले असते ते कौल आता अंदाजपत्रकात ‘संपूर्ण छप्पर बदलणे, तक्तपोशी नवीन करणे, भिंतींचे मजबुतीकरण’ अशा तीन कलमांनी येते.

कोकणातल्या कोणत्याही घरात हे गणित कोणाला समजावून सांगावे लागत नाही. वैशाखात घरे शाकारली जातात: नळे किंवा कौले काढून झाडायची, फुटकी बदलायची, कोने पुन्हा बसवायचे, पन्हळी साफ करायच्या, पावसाच्या तोंडच्या भिंतीला झड बांधायची. मृग लागायच्या आत हे झालेच पाहिजे. गरिबाचे घरही शाकारले जाई; त्यासाठी पैसा नसला तर भाऊबंद आणि शेजारी हात लावत. देवळांची सोय वेगळी होती. देवस्थानाला इनाम जमीन असे आणि तिच्या उत्पन्नातून पूजाअर्चा, दिवाबत्ती, वाजंत्री यांबरोबर डागडुजीही निघे. गावच्या धर्मशाळा, घाट, विहिरी यांच्याही मागे असाच कोणाचा तरी दाय असे. ही व्यवस्था आदर्श होती असे म्हणण्याचे कारण नाही. इनामदार उत्पन्न खात आणि देऊळ गळत ठेवत, अशी तक्रार जुनीच आहे, आणि गावकीच्या सोयींवर सगळ्यांचा सारखा हक्क तर मुळीच नव्हता. पण तिच्यात एक गोष्ट होती: खर्चाचा उगम इमारतीला चिकटलेला होता आणि तो दरवर्षी पिकत होता.

हा सांधा निखळला तो एकोणिसाव्या शतकात. १८५२ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात इनाम कमिशनचे अधिकार पक्के झाले. कागद दाखवा नाहीतर जमीन सोडा, असा खाक्या सुरू झाला. कित्येक इनामे गेली. जिथे जमिनीऐवजी रोख वर्षासन राहिले तिथे आकडा गोठला आणि महागाईने तो निरर्थक होत गेला. इंग्रजांनी त्याच दशकात बांधकाम खाते उभे केले आणि सरकारी इमारतींची देखभाल त्याच्याकडे गेली. पण गावातल्या जुन्या वास्तू त्या खात्याच्या यादीत नव्हत्या, कारण त्या ‘सरकारी’ नव्हत्या. कर्झनच्या काळात १९०४ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा आला आणि ‘स्मारक’ नावाचा एक नवा वर्ग जन्मला: वापरातली इमारतही नाही आणि पडकी मोडीतली जागाही नाही, अशी जपून ठेवण्याची वस्तू. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी १९२३ मध्ये जतनाची नियमावली लिहिली. तिचा रोख नवे करण्यापेक्षा असलेले सांभाळण्यावर होता. तो शहाणपणा पुस्तकात राहिला. स्वातंत्र्यानंतर केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा कायदा आला. त्यांनी याद्या वाढवल्या, खोदकामावर आणि बांधकामावर बंदी घातली, दंड ठरवले. दरवर्षी छपरावर कोण चढणार, हे मात्र कायद्याने ठरत नाही. ते ठरते अंदाजपत्रकात.

थिबाच्या वाड्याने हा सगळा प्रवास आपल्या अंगावर पाहिला. राजाचे कुटुंब गेल्यावर तिथे सरकारी अधिकाऱ्यांचे बिऱ्हाड राहिले, पुढे शासकीय तंत्रनिकेतनाचे वर्ग भरले. नाचाच्या दालनात, अर्धवर्तुळाकार चौकटींच्या रंगीत काचांखाली, कोकणातली पोरे यंत्रांची रेखाटने काढत होती. जतनवाद्यांना हे ऐकून अंगावर काटा येतो. खिळे ठोकले असतील, विजेच्या तारा भिंतींवरून फिरवल्या असतील, लाकडावर सरकारी रंग फासला असेल. ते सगळे खरे धरले तरी एक गोष्ट उरते: ज्या इमारतीत माणसे बसतात तिथे गळती पहिल्या सरीलाच कळते. विद्यार्थ्याच्या कागदावर थेंब पडला की प्राचार्य बांधकाम खात्याला पत्र लिहितो, खाते कुरकुरत का होईना माणूस पाठवते. रिकाम्या स्मारकात तोच थेंब चार महिने बिनबोभाट पडतो. साताऱ्याचे उदाहरण याहून बोलके आहे. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले आणि छत्रपतींच्या जुन्या राजवाड्यात पुढे कोर्टकचेरी आणि सरकारी हायस्कूल आले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचे नाव याच शाळेच्या दाखल्यावर चढले. आज राज्यात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. राजवाड्याचे आजचे मोल छत्रपतींमुळे जेवढे, तेवढेच त्या दाखल्यामुळेही आहे, आणि तो दाखला तिथे पडला तो वाडा ‘स्मारक’ म्हणून कुलूपबंद नव्हता म्हणून. जीर्णोद्धार करताना आपण कोणता काळ परत आणणार, हा प्रश्न म्हणूनच साधा नाही. रत्नागिरीत सहा वर्षांचा राजा परत आणायचा आणि शतकभराचे सरकारी व शालेय आयुष्य खरवडून काढायचे, यात इतिहासाचा अभ्यास कमी आणि नाटकाचा देखावा जास्त आहे.

आता पैशाच्या वेळेकडे वळू. माझ्या मते खरी गोम इथे आहे. सरकारचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. कोकणात मृगाचा पाऊस ७ जूनच्या सुमारास येतो. मधले दोन महिने, म्हणजे एप्रिल आणि मे, हाच शाकारणीचा काळ. पण नेमक्या याच दोन महिन्यांत तालुक्याजिल्ह्याच्या पातळीवर हातात पैसा नसतो: जुन्या वर्षाचे अनुदान एकतर खर्ची पडलेले किंवा परत गेलेले, आणि नव्या वर्षाचे अजून वरून खाली झिरपायचे. म्हणजे घरमालक ज्या दिवसांत छपरावर असतो, त्या दिवसांत सरकार कागदावर असते. उलट मार्च महिन्यात निधी परत जाऊ नये म्हणून घाईने कामे काढली जातात. चुन्याच्या कामाला ही घाई मानवत नाही. चुना विरवावा लागतो, घाणीत मळावा लागतो, थर सावकाश वाळू द्यावे लागतात. ज्याला ३१ मार्चपूर्वी बिल काढायचे आहे तो सिमेंटच वापरणार. त्यात त्याचा दोष शोधण्यापेक्षा कॅलेंडरचा शोधावा. तेव्हा दरवर्षीचे लहान काम हुकते आणि दहा-पंधरा वर्षांनी मोठा प्रस्ताव होतो. मोठ्या प्रस्तावाला निविदा लागते, निविदेत कमी दराचा ठेकेदार येतो, आणि त्याच्याकडे पक्क्या चुन्याचा गवंडी असतोच असे नाही. असलाच तर एका कामापुरता. पुढच्या वर्षी त्याला त्या वाड्यावर काम नसते, म्हणून तो मुंबईला स्लॅब ओतायला जातो. कारागीर टिकण्याची अटही हीच: काम थोडे असले तरी चालेल, पण ते दरवर्षी हवे.

सगळ्यात वजनदार आक्षेप अर्थातच गरजांच्या क्रमाचा आहे. जिल्हा रुग्णालयात खाटा कमी असताना, वाड्यांवस्त्यांवर नळ नसताना राजवाड्याची कौले कशाला? हा आक्षेप टिंगलीवारी नेण्यासारखा नाही. सरकारी पैसा शेवटी गरिबाच्या काडीपेटीवरच्या करातूनही येतो, आणि जुन्या वास्तूंच्या प्रेमात पडलेली माणसे बहुधा पोटभर जेवलेली असतात. पण आक्षेपाच्या पोटात एक गृहीत आहे: की कौलांचा पैसा वाचवला तर तो खाटांकडे जाईल. तसे होताना दिसत नाही. न शाकारलेल्या इमारतीचा खर्च नाहीसा होत नाही, तो फक्त पुढे ढकलला जातो आणि फुगतो. किंवा इमारत पाडून तिथे तीच कामे करणारी नवी इमारत बांधावी लागते, आणि तिचा खर्च आरोग्याच्या नव्हे तर बांधकामाच्याच खात्यावर पडतो. ज्याला खरोखर काटकसर हवी आहे त्याने वार्षिक डागडुजीचा सगळ्यात मोठा कैवारी व्हायला हवे. मात्र याच तर्काने एक कडू गोष्ट मान्य करावी लागते: प्रत्येक जुनी इमारत जपता येणार नाही. महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालात केंद्र-संरक्षित स्मारकांपैकी ९२ स्मारके जागेवर सापडलीच नव्हती. पुढच्या शोधात ४२ मिळाली. उरलेल्या ५० पैकी काही शहरांनी गिळली, काही धरणांखाली गेली, २४ चा ठावठिकाणा लागला नाही. जे आपण मोजूही शकत नाही ते जपतो आहोत असे म्हणणे फसवेपणाचे आहे. यादी लहान करावी, आणि यादीत असलेल्या प्रत्येक छपरावर दरवर्षी माणूस चढावा.

दुसरा आक्षेप रत्नागिरीपुरता आहे, पण तो वेगवेगळ्या रूपांत सगळीकडे भेटतो: हा राजा आपला कोण? ब्रह्मदेशी राजा, इंग्रजांचा कैदी. त्याच्या घरासाठी कोकणच्या माणसाने का मोजावे? याला कोणी राजनैतिक उत्तर देईल. दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर रंगूनला कैदेत मेला, त्याची कबर १९९१ मध्ये खोदकामात सापडली आणि आपले पंतप्रधान तिथे फुले वाहून येतात. तसेच डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला थिबाच्या समाधीवर येऊन गेले. एका राजाच्या बदल्यात दुसरा, अशी ही साम्राज्याची अदलाबदल. उत्तर खोटे नाही, पण मला ते अपुरे वाटते. राजे येऊन जातात. हा वाडा मात्र इथल्या चिऱ्याचा आहे. शिवाय थिबाच्या थोरल्या मुलीची लेक रत्नागिरीतच वाढली, इथेच संसार केला, मराठी बोलली आणि ओढगस्तीतच जगली. राजवंशाचा इतिहास म्हणून ही उतरंड असेल, रत्नागिरीचा इतिहास म्हणून ती गावात मिसळून गेलेल्या कुटुंबाची गोष्ट आहे. वाड्यावर खर्च करणाऱ्या व्यवस्थेला त्या नातीची आठवण उशिरा आणि फोटोपुरती व्हावी, हे मात्र डाचते.

वारशाच्या बाजूने बोलणारे दोन युक्तिवाद मी मुद्दाम बाजूला ठेवतो आहे. पहिला पर्यटनाचा. वाडा दुरुस्त केला की लोक येतील, हॉटेले चालतील, पैसा वसूल होईल, असे प्रस्तावात लिहावेच लागते. पण गणपतीपुळ्याला जाणारी गाडी वाटेत अर्धा तास थांबली तर ती वाड्याचे छप्पर भरून देत नाही. आणि जी इमारत कमाईच्या आश्वासनावर वाचवली, ती कमाई झाली नाही की त्याच आश्वासनावर बुडते. दुसरा युक्तिवाद खासगी पालकत्वाचा. केंद्राने २०१७ मध्ये स्मारके दत्तक देण्याची योजना आणली. २०१८ मध्ये लाल किल्ल्यासाठी एका उद्योगसमूहाने पाच वर्षांसाठी २५ कोटींचा करार केला. राज्याचीही अशीच योजना आहे. उद्योगसमूहाला लाल किल्ला हवा असतो, कारण तिथे त्याची पाटी लाखो लोक वाचतात. तालुक्याच्या गावातल्या चावडीला किंवा चंद्रमौळी झालेल्या वाड्याला कोण पाटी लावणार? ज्या वास्तूंना सार्वजनिक पैशाची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांनाच दत्तक घेणारा नाही, हे सरकारी खर्चाचे सगळ्यात सरळ समर्थन आहे.

राहतो एक व्यवहारी आक्षेप, आणि तो मला सगळ्यात अवघड वाटतो. वार्षिक डागडुजीचा पैसा खाणे फार सोपे असते. नवे छप्पर दिसते. पुन्हा बसवलेली दोनशे कौले दिसत नाहीत. मोठ्या कामावर वास्तुविशारद असतो, तज्ज्ञांची समिती असते, वर्तमानपत्राचे लक्ष असते. लहान कामाचे फक्त बिल असते. यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही, पण जुन्या व्यवस्थेतला एक धडा आहे. शाकारणीची परीक्षा पाऊस घेत असे, आणि निकाल घरात राहणाऱ्याला कळत असे. वास्तूत वाचनालय, वर्ग, नोंदणी कार्यालय, संगीताची शाळा असे काहीही चालू असेल तर बिलाची खातरजमा जून महिन्यात आपोआप होते. तिथे बसणाऱ्याचे टेबल कोरडे राहिले की नाही एवढेच विचारायचे. महाराष्ट्र सरकारने काही वर्षांपूर्वी जिल्हा वार्षिक योजनेतला ३ टक्के निधी गडकिल्ले, मंदिरे आणि संरक्षित स्मारकांसाठी राखण्याचे ठरवले. निर्णय चांगला आहे. दरवर्षीचा पैसा जिल्ह्याच्याच हाती देणारी ही तरतूद जुन्या इनामाच्या कल्पनेजवळ जाते. पण तोही निधी आर्थिक वर्षाच्या चाकोरीतच फिरणार, आणि जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत प्रवेशद्वार, दिव्यांची रोषणाई आणि वाहनतळ यांची मागणी करणारे आमदार भेटतील, कौलांची मागणी करणारा क्वचितच. तेव्हा त्या ३ टक्क्यांतला एक ठरावीक हिस्सा फक्त छप्पर, पन्हळ आणि पाण्याचा निचरा यांसाठी बांधून टाकावा, तो मार्चअखेरीस परत जाणार नाही अशी तरतूद करावी, आणि तो १५ एप्रिलपूर्वी वास्तूवर प्रत्यक्ष बसणाऱ्या कार्यालयाच्या हाती द्यावा. यात कोनशिलेला जागा नाही, म्हणून ते राजकीयदृष्ट्या अवघड आहे. तांत्रिकदृष्ट्या त्यासाठी एक शिडी, चुन्याची घाणी आणि चार जाणती माणसे लागतील, आणि ती माणसे कोकणात अजून आहेत.